खूण जुळली, गाडी काही सुरू होईना

गाडी चालत होती, हे आधी कबूल करतो. फार झोकात चालायची असं नाही. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की मध्येच गचके द्यायची, आणि उभी केली की इंजिनखाली तेलाचा एक थेंब टाकायची. पण सकाळी सेल्फ मारला की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला इंजिन पकडायचं. तिला पूर्ण बंद पाडायचं काम मी केलं, आणि तेही सर्व्हिसिंगच्या नावाखाली.

गाडी १९६० च्या दशकातली. चार सिलिंडर, एक कार्बोरेटर, आणि इग्निशन अगदी जुन्या वळणाचं : बॅटरी, कॉइल, सीबी पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटर. पॉइंट उघडले की कॉइल ठिणगी सोडते आणि डिस्ट्रिब्युटर ती पाळीपाळीने चारही सिलिंडरच्या प्लगना वाटतो. मामांनी ती बरीच वर्षं चालवली आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर माझ्या हवाली केली. किल्ली देताना त्यांनी एकच अट घातली होती. "डिस्ट्रिब्युटरला हात लावायच्या आधी मला फोन कर."

मी फोन केला नाही. करण्यासारखं काही वाटलंच नाही. पॉइंट घासून खड्डे पडले होते, ते बदलायचे होते. तेलाचा थेंब डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी असलेल्या रबरी रिंगमधून येत होता, ती रिंग पाच मिनिटांत बदलून होईल असा हिशेब. नवे पॉइंट, नवा कंडेन्सर आणि नवी रिंग, तिन्ही पुड्या बाकावर मांडून ठेवल्या. कॅपवर कोणती वायर कुठे आहे याचा मोबाइलवर फोटो काढला. स्वतःच्या शहाणपणाचं कौतुक करत चारही प्लग काढले, डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल केला आणि अख्खा डिस्ट्रिब्युटर उपसून हातात घेतला.

फोटो कॅपचा होता. कॅपखाली रोटरचं, म्हणजे फिरत फिरत एकेका वायरला ठिणगी देणाऱ्या तुकड्याचं, तोंड कुठे होतं, याचा नव्हता.

तेवढ्यावरही निभावलं असतं, कारण इंजिन जागचं हललं नसतं तर अंदाजाने परत बसवता आलं असतं. पण उजेड कमी पडतोय म्हणून मी गाडी दोन हात मागे ढकलली. ती गिअरमध्ये होती. प्लग काढलेले असल्यामुळे कॉम्प्रेशनचा अडसर नव्हता, गाडी लोण्यासारखी सरकली, आणि तिच्याबरोबर क्रँक, म्हणजे पिस्टनना जोडलेला इंजिनचा मुख्य दांडा, किती फिरला ते देवालाच ठाऊक. हे माझ्या लक्षात आलं ते गाडी पुन्हा उभी केल्यावर, हँडब्रेक ओढताना हात गिअरच्या दांड्याला लागला तेव्हा.

हरकत नाही, म्हटलं. पुलीवर खूण असतेच. पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरवलं, पुलीवरची खाच शून्याच्या रेषेसमोर आणली, म्हणजे पहिल्या सिलिंडरचा पिस्टन टॉपला, अगदी वर. रोटरचं तोंड कॅपवरच्या एक नंबरच्या वायरकडे करून डिस्ट्रिब्युटर खाली सोडला, क्लॅम्प आवळला, वायरी फोटोबरहुकूम लावल्या. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२, दोनदा तपासली. सेल्फ मारला.

इंजिन छान फिरत होतं. नुसतं फिरतच होतं. दहा-बारा सेकंद झाल्यावर कार्बोरेटरमधून ठो करून आवाज आला आणि एअर फिल्टर काढून ठेवलेला असल्यामुळे निळसर जाळाचा एक भपका माझ्या नाकासमोरून वर गेला. त्यानंतर आग विझवायचा सिलिंडर हाताशी घेतल्याशिवाय मी सेल्फला बोट लावलं नाही. तो खरं तर पहिल्यापासूनच हाताशी हवा.

पुढचा अर्धा दिवस मी पेट्रोलच्या मागे लागलो. का, ते आता नीट सांगता येत नाही. बहुधा जिथे मी हात घातला होता तिथे चूक असेल हे मनाला पटत नव्हतं. फ्लोट चेंबर उघडलं, भरलेलं होतं. प्लग काढले, ओले होते. वाळवून लावले, परत ओले. नवे प्लग ०.६ मिलिमीटरचा गॅप ठेवून लावले, तेही ओले. मग एक प्लग वायरला लावून इंजिनच्या बॉडीला टेकवला, पेट्रोलचा वास येत असताना हे करू नये म्हणून तासभर थांबून, आणि सेल्फ मारून बघितलं. ठिणगी टकाटक पडत होती, निळी आणि जाड. म्हणजे पेट्रोल होतं आणि ठिणगी होती. चालू गाडी होती, तेव्हा कॉम्प्रेशन एका रात्रीत जाणार नव्हतं.

संध्याकाळी मामांना फोन लावला.

"काढलास ना डिस्ट्रिब्युटर?" मी 'हॅलो' म्हणायच्या आत प्रश्न आला. रविवारी भाच्याचा फोन, त्यांनी काय ते ओळखलं असणार.

"काढला होता मामा. बसवलाय परत."

"टॉपला आणून बसवलास?"

"हो. पुलीवरची खूण बरोबर शून्यावर आहे."

"कुठला टॉप?"

"म्हणजे?"

पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाले, "अंगठा लावला होतास का प्लगच्या भोकाला?"

नव्हता लावला. आणि मी काय केलं असणार ते त्या एका प्रश्नात माझ्या डोक्यात लख्ख उजेडलं. हे मला माहीत होतं, शाळेत चार स्ट्रोकचं इंजिन शिकलो होतो, आकृतीही काढली होती. पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो. एकदा मिश्रण दाबत, तेव्हा ठिणगी हवी. दुसऱ्यांदा जळालेला वायू बाहेर ढकलत, तेव्हा ठिणगीचं काही काम नाही. क्रँकच्या दोन फेऱ्यांत डिस्ट्रिब्युटरची एक फेरी होते. पुली क्रँकवर आहे, म्हणून खूण दोन्ही वेळा जुळते आणि दोन्ही वेळा तितकीच खरी दिसते. मी छापा-काटा केला होता आणि काटा पडला होता. एक्झॉस्टच्या शेवटी इनलेट व्हॉल्व्ह उघडायला लागलेला असतो. नेमकी तिथे ठिणगी पडली की जाळ इनलेटच्या वाटेने कार्बोरेटरमधून वर येतो. नाकासमोरच्या भपक्याचा उलगडा झाला.

"पोटावर पडलंय का पाठीवर हे न बघताच तू मुलाला पाळण्यात टाकलंस," मामा म्हणाले. त्यांच्या उपमा नेहमीच अशा असतात.

दुसऱ्या दिवशी सगळे प्लग काढले, गिअर न्यूट्रलला आहे ना ते तीनदा बघितलं, पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा दाबला आणि पुली इंजिनच्या फिरण्याच्या दिशेने हळूहळू फिरवली. एका फेरीत काहीच जाणवलं नाही. पुढच्या फेरीत अंगठ्याखालून हवा फुस्स करून बाहेर पडायला लागली, इतक्या जोरात की अंगठा दाबून धरवेना. तिथून पुढे खूण शून्यावर येईपर्यंत गेलो. हा खरा टॉप. कॅप उचलली तर रोटर ऐटीत चार नंबरकडे तोंड करून उभा.

मला अंगठ्यावर अजून पुरता भरवसा नव्हता म्हणून व्हॉल्व्हवरचं टॅपेट कव्हरही उघडलं. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉपला असताना चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह उंबऱ्यावर असतात, एक मिटत आलेला, दुसरा उघडू लागलेला. पुली थोडी मागेपुढे केली की चौथ्याचे रॉकर झोका घेताना दिसतात आणि पहिल्याचे दोन्ही सैल असतात. तसंच होतं. कव्हर उघडलंच आहे तर टॅपेटचे गॅपही बघून घेऊ म्हटलं आणि फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, तेलात बरबटवून घेतला. याचं फळ पुढे मिळालं.

मामांनी फोनवर एक पळवाट सांगून ठेवली होती. डिस्ट्रिब्युटर काढू नकोस, कॅपवरच्या वायरीच दोन-दोन घरं पुढे सरकव. म्हणजे एकची वायर चारच्या जागी, तीनची दोनच्या जागी आणि उलट. इंजिनाला काय, ठिणगी योग्य वेळी मिळाल्याशी कारण. मला ही पळवाट कायमची ठेवायची नव्हती, कारण पुढे कधीतरी कोणीतरी पुस्तकाप्रमाणे वायरी लावेल आणि माझ्यासारखाच वेडा होईल. पण निदान तपासायला ती फार नामी आहे. वायरी सरकवून सेल्फ मारला तर इंजिन एकदा अडखळलं, सेल्फला उलटा झटका दिला, मग पकडलं, चार-पाच सेकंद धडधडलं आणि बंद पडलं. रोग बरोबर सापडला होता. उलट्या झटक्याने आणखी एक गोष्ट सांगितली : ठिणगी फार लवकर पडतेय. पिस्टन वर येता येताच मिश्रण पेटतंय आणि त्याला मागे ढकलतंय. रिटार्ड करायला, म्हणजे ठिणगी उशिरा पाडायला, डिस्ट्रिब्युटरची बॉडी रोटरच्या दिशेने फिरवली, पण थोडी फिरून त्याचा व्हॅक्यूमचा डबा इंजिनच्या अंगाला टेकला. पुढे जागाच नाही. म्हणजे गिअरचा एक दात चुकला होता.

सेल्फच्या जागी हँडल असतं तर हा झटका माझ्या मनगटाला बसला असता. मामा हँडल मारायचे तेव्हा अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचे, मुठीने दांडा कवळायचे नाहीत. लहानपणी मला ती त्यांची लकब वाटायची. गंमत म्हणजे हे बॅटरी-कॉइल-पॉइंटचं इग्निशन आणि विजेवर चालणारा सेल्फ, दोन्हींच्या मागे चार्ल्स केटरिंग हा एकच अमेरिकन माणूस. त्याचं इग्निशन १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आलं आणि सेल्फ १९१२ च्या. पुढे साठेक वर्षं जगभरातल्या गाड्या त्याच मांडणीवर चालल्या, आणि माझी अजून चालते, म्हणजे चालायला हवी होती.

मग डिस्ट्रिब्युटर पुन्हा काढला. या वेळी इंजिन आधी कॉम्प्रेशनच्या टॉपच्या १० अंश अलीकडे आणून ठेवलं, कारण या इंजिनासाठी पुस्तकात तेवढा ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी टॉपच्या किती आधी पडायची ते, दिलाय. हे अलीकडे का, तर मिश्रण स्फोटासारखं एका क्षणात पेटत नाही, जाळ पसरायला वेळ लागतो. तो साधारण २ मिलिसेकंद धरला तर मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आयडलला तेवढ्यात क्रँक जवळजवळ १० अंश फिरलेला असतो. वेग वाढला की अंशही वाढवावे लागतात, म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या पोटात स्प्रिंगला बांधलेली दोन वजनं असतात. ती फिरताना बाहेर फेकली जातात आणि कॅमला पुढे सारतात. नुसता गुणाकार केला तर ४,००० फेऱ्यांना ४८ अंश येतात, पण वेगाबरोबर मिश्रण जास्त घुसळलं जातं आणि लवकर जळतं, त्यामुळे प्रत्यक्षात असल्या इंजिनांना पूर्ण ॲडव्हान्स ३०-३५ अंशांच्या आसपास पुरतो. हे सगळं ती दोन वजनं कोणत्याही कॉम्प्युटरशिवाय जमवतात. मी त्यांना तेलाचा एक थेंब देऊन मनातल्या मनात हात जोडले.

डिस्ट्रिब्युटर बसवताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो त्याच्या पिळाच्या दातांमुळे. गिअरचे दात तिरपे असतात, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर खाली उतरता उतरता रोटर स्वतःच थोडा फिरतो. रोटर एक नंबरकडे ठेवून सोडला की बसेपर्यंत तो पुढे सरकलेला असतो. तेवढा हिशेब धरून आधीच मागे ठेवून सोडावा लागतो. पहिल्या खेपेला मी कमी मागे ठेवला. दुसऱ्या खेपेला रोटर बरोबर जागी आला पण डिस्ट्रिब्युटर अर्धा सेंटिमीटर वरच राहिला, कारण त्याच्या टोकाची पट्टी खाली ऑइल पंपाच्या खाचेत बसायची असते आणि खाच भलतीकडे वळलेली होती. इथे क्लॅम्प आवळून ओढून बसवायचा मोह होतो. तो केला की काहीतरी तुटतं. लांब स्क्रू ड्रायव्हर आत घालून खाच हवी तशी वळवली, आणि तिसऱ्या खेपेला खळ्ळकन् सगळं एकदम खाली बसलं. रोटर एककडे, व्हॅक्यूमचा डबा दोन्ही बाजूंना मोकळा. त्या आवाजासाठी दोन दिवस गेले होते.

आता पॉइंटचा गॅप. तो टायमिंगच्या, म्हणजे ठिणगीची वेळ लावायच्या, आधी लावायचा, नंतर नाही, कारण गॅप वाढवला की पॉइंट आधी उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जातं, कमी केला की मागे. आधी टायमिंग लावून मग गॅपशी खेळलात तर सगळी मेहनत पाण्यात. कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आणला, ०.४ मिलिमीटरची पट्टी घातली, अलगद घासत जाईल इतपत ठेवून स्क्रू आवळला.

मग दिवा. १२ व्होल्टचा साधा बल्ब, दोन वायरी. एक टोक कॉइलच्या त्या टर्मिनलला जिथून वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते, दुसरं बॉडीला. इग्निशन ऑन करायचं. पॉइंट मिटलेले असले की करंट त्यांच्यातून जमिनीला जातो, बल्ब विझलेला. पॉइंट उघडले की करंटला बल्बची वाट धरावी लागते, तो पेटतो. कॉइल ठिणगी सोडते तीही पॉइंट उघडतात त्याच क्षणी. म्हणजे बल्ब पेटण्याचा क्षण हाच ठिणगीचा क्षण, आणि तो इंजिन बंद असताना डोळ्यांनी बघता येतो. टायमिंगचं काम इतकं भित्र्या माणसालाही जमेल असं या बल्बने केलंय.

इग्निशन ऑन केलं, बल्ब पेटला. डिस्ट्रिब्युटर इकडे फिरवला, पेटलेलाच. तिकडे फिरवला, पेटलेलाच. पॉइंट डोळ्यांना मिटलेले दिसत होते. बल्ब कधीच पेटला नसता तर मी पॉइंटच्या टर्मिनलवरचे इन्सुलेशनचे वॉशर चुकलेत असं म्हटलं असतं. इथे उलट होतं, मिटलेल्या पॉइंटमधून करंटच जात नव्हता. पाच-दहा मिनिटं डोकं खाजवल्यावर नजर फीलर गेजवर गेली. टॅपेटचं तेल अजून चमकत होतं. तेच मी नव्याकोऱ्या पॉइंटच्या तोंडात फासलं होतं. कोऱ्या कागदाची पट्टी पेट्रोलात बुडवून पॉइंटमधून ओढली, काळी निघाली, मग कोरडी पट्टी ओढली. बल्ब शहाण्यासारखा वागायला लागला.

या गोंधळात इग्निशन ऑनच राहिलं होतं, आणि साफ झाल्यावर पॉइंट मिटलेलेही होते. सुमारे ३ ओहमच्या कॉइलमधून १२ व्होल्टला ४ अँपिअर वाहतात, म्हणजे जवळपास ५० वॉटचा हीटरच. कॉइलला हात लावला तर चटका बसला. ती निवेपर्यंत थांबलो. बल्ब बघताना किल्ली मध्ये मध्ये बंद करत जावी.

पुढचं काम दोन मिनिटांचं. बॉडी रोटरच्या दिशेने फिरवून बल्ब विझवला, मग उलट दिशेने केसाकेसाने सरकवत बल्ब पेटायच्या क्षणी थांबलो आणि क्लॅम्प आवळला. ताडून बघायला पुली पाऊण फेरी मागे नेऊन पुन्हा पुढे आणली. मागे नेतानाच बघायचं नाही, कारण चेन आणि गिअरमधली ढिलाई मध्ये येते. कायम पुढच्या दिशेनेच खुणेवर यायचं. बल्ब १० च्या रेषेवर पेटला. रेषा सापडायला आधी पुलीवरची वर्षानुवर्षांची मळी खरवडून पांढरा रंग लावावा लागला होता, तो अजून ओला होता.

प्लग लावले, वायरी मूळ जागी. चोक ओढला. सेल्फचं बटण दाबून सोडलं न सोडलं तोच इंजिन सुरू झालं. मी इतका गाफील होतो की क्षणभर दुसरीच कुठली गाडी सुरू झाली असं वाटलं.

नंतर इंजिन गरम झाल्यावर, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करून, ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या टायमिंग लाइटने बघितलं. पांढरी रेषा १० वर होती पण जागच्या जागी एक-दोन अंश थरथरत होती. शाफ्टचं बुश झिजलेलं असणार. ते काम पुन्हा कधीतरी. मामांना फोन करून मोबाइल बोनेटखाली धरला. ते बराच वेळ ऐकत राहिले. "चौथ्या गिअरमध्ये चढावर दाबून बघ. टकटक आली तर दोन अंश मागे घे. पुस्तक छापलं तेव्हाचं पेट्रोल आणि आताचं पेट्रोल एक नाही." चढावर नेली, दाबली, टकटक आली. दोन अंश मागे घेतले, गेली. गचकेही गेले, पॉइंटच्या खड्ड्यांबरोबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली बघितलं तर तेलाचा थेंब होता, नेहमीच्या जागी. बाकावर नवी रबरी रिंग तिच्या पुडीत तशीच पडून होती. डिस्ट्रिब्युटर इतक्यांदा काढला आणि घातला, आणि प्रत्येक वेळी जुन्याच रिंगसकट. पुडी खिशात टाकली, अंगठा प्लगच्या भोकावर ठेवला आणि पाना पुलीला लावला.